पोट मऊ आहे

दुपारी दीडच्या सुमारास तिनं डबा उघडून पहिला घास तोंडात घातला, तेवढ्यात स्कॅनच्या खोलीचं जड दार ढकललं गेलं आणि ट्रॉलीवरचा माणूस म्हणाला, “अहो बाई, जरा हळू. मी स्वतः डॉक्टर आहे.” ट्रॉली ढकलत होता वॉर्डबॉय, दार उघडं धरलं होतं परिचारिकेनं, आणि ती तर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली होती. तरी ते ‘अहो बाई’ तिलाच येऊन लागलं. तिनं मान वर केली नाही. करायची गरजच नव्हती. घास तसाच गालात राहिला. ‘बाई’ मधला ‘बा’ किंचित लांबवायचा, समोरच्या बाईला आधी दोन बोटं खाली बसवायचं आणि मग तिच्याशी बोलायचं, ही लकब एका माणसाची होती आणि एकोणीस वर्षं ती तिच्या कानात मुक्कामाला होती. कधी भांडी घासताना, कधी बसच्या रांगेत, कधी कुणाच्या लग्नात हसता हसता मधेच ती लकब जागी व्हायची. ‘अहो बाई, पोट दुखून कुणी मरत नाही.’ तिनं घास गिळला, डब्याचं झाकण लावलं, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले आणि मग ट्रॉलीजवळ गेली.

तो म्हातारा झाला होता. केस गेले होते, गळ्याची कातडी सैल पडली होती आणि चेहरा घामानं डबडबला होता. तोच, पण कुणीतरी धुऊन पिळून वाळत घातल्यासारखा. कागदावर वय अडुसष्ट. त्याखाली अपघात विभागातल्या डॉक्टरीणबाईंच्या घाईच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘पोटात तीव्र दुखणं. मुतखडा? साधा स्कॅन.’ परिचारिका हळूच म्हणाली, “ताई, त्यांनी स्वतःच सांगितलंय खडा आहे म्हणून. पूर्वी झाला होता म्हणे. आमच्या मॅडमना बोलूच देईनात.” म्हणजे अजून तसाच. समोरच्याचं ऐकायच्या आधीच उत्तर तयार. तिनं विचारलं, “कुठं दुखतंय?” त्यानं हात बेंबीच्या वर, मधोमध ठेवला. “केव्हापासून?” “अकराला. जेवून उठलो, हात धुवायला वाकलो, आणि सुरी खुपसल्यासारखं... अहो, तुम्ही हे कशाला विचारताय? तुम्ही फोटो काढा.” खडा कुशीत दुखतो, पाठीतून जांघेकडे उतरतो. हे तिला माहीत होतं आणि त्यालाही माहीत असायला हवं होतं. पण माणूस स्वतःचा डॉक्टर झाला की जे सोपं तेच खरं मानतो. तिनं त्याला टेबलावर घेतलं, हात डोक्यावर ठेवायला लावले, पट्टा बांधला. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ओळखीची खूण कुठंच नव्हती.

काचेपलीकडे येऊन ती पडद्यासमोर बसली. बटण दाबायच्या आधी तिला धाकटा भाऊ दिसला. नेहमी दिसायचा तसा, त्या दुसऱ्या दवाखान्याच्या बाकावर पोटाशी गुडघे घेऊन बसलेला. अठ्ठावीस वर्षांचा घोडा. दोन सिलिंडर खांद्यावर घेऊन तीन मजले चढणारा. त्याला असं लहान होऊन बसलेलं तिनं आधी कधी पाहिलं नव्हतं. ती तेव्हा चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि अर्धा दिवस रजा टाकून त्याला घेऊन आली होती. या माणसाच्या खोलीबाहेर साठ लोक होते. आत गेल्यावर त्यानं धाकट्याचं पोट तीन ठिकाणी दाबलं, बोटांनी टकटक केली, हात धुतले. धाकटा म्हणत होता, “डॉक्टर, आत कायतरी फाटलंय.” फाटलंय! नेमका हाच शब्द त्यानं वापरला होता. आणि हा हसला होता. परिचारिकेकडे बघून म्हणाला होता, “बघा, रोगाचं नावसुद्धा घरून ठरवून आलेत.” मग लिहिलं, ‘पोट मऊ आहे. वात. घरी जावे.’ दुसऱ्या दिवशी ती त्याला पुन्हा घेऊन गेली. घास घेतला की तो ओरडत होता, म्हणून त्यानं जेवणच सोडलं होतं. हेही तिनं सांगितलं. तेव्हा हा ‘अहो बाई’ म्हणाला. स्कॅनचं मशीन त्याच इमारतीत दोन मजले खाली होतं. ही गोष्ट तिला पुढं कळली, आणि कळल्यापासून ते दोन मजले ती रोज उतरत आली होती. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच एका सर्जननं धाकट्याचं पोट उघडलं तेव्हा आतडी काळी पडलेली होती. त्या सर्जननं बाहेर येऊन, टोपी काढून, तिला आणि आईला समजावून सांगितलं होतं की आतड्यांना रक्त नेणारी जी मुख्य शीर, तिचं आतलं अस्तर आपोआप फाटलं, रक्त दोन थरांच्या मधे शिरलं आणि खरी वाटच चेपली गेली. वार नाही, मार नाही. “हे लवकर कळलं तर बहुतेक वेळा कापावंही लागत नाही,” तो म्हणाला, आणि आपण हे बोलायला नको होतं असं त्याच्या तोंडावर उमटलं. संध्याकाळी धाकटा गेला.

लोक म्हणायचे, विसर. तिनं विसरायचं नाव घेतलं नाही. सापानं डूख धरावा तसा तिनं तो आवाज धरून ठेवला. चष्म्याचं दुकान सोडलं, एकतिसाव्या वर्षी बारा-पंधरा वर्षांनी लहान पोरींच्या शेजारी बाकावर बसून हे काम शिकली. लग्नाची बोलणी आली तशी गेली. माणसाच्या आतलं बघता यावं, एवढंच तिला हवं होतं. हात न लावता, विनवण्या न करता, कुणाच्या मर्जीवर न राहता बघता यावं. सोळा वर्षांत तिच्या मशीनखालून किती पोटं गेली त्याची गणती नव्हती, पण त्या शिरेची फाट तिनं चारच वेळा पाहिली होती. चारही वेळा तिनं तपासणाऱ्या डॉक्टरांच्या आधी फोन उचलला होता.

टेबल आत सरकलं, बाहेर आलं. पडद्यावर त्याचं पोट एकेक काप करून उलगडायला लागलं. यकृत, प्लीहा, मूत्रपिंडं. दोन्ही मूत्रपिंडं स्वच्छ. खडा नव्हता, वाळूही नव्हती. ती माउसचं चाक फिरवत खाली उतरली. मोठ्या धमनीच्या पुढं, काळ्या चरबीच्या मधोमध, शर्टाच्या गुंडीएवढा एक करडा ठिपका असतो. तोच आतड्यांचा अन्नदाता. त्याच्याभोवतीचा काळेपणा लख्ख हवा. इथं ठिपका सुजला होता, त्याच्या एका कडेला नखाच्या कोरीएवढी जरा उजळ छटा होती, आणि भोवतीच्या काळ्यात धुकं पसरलं होतं. फारच थोडं. ज्याला खडाच शोधायचाय त्याच्या नजरेतून सहज सुटेल असं. शिरेत डाय, म्हणजे फोटोत रक्त उजळून दाखवणारं औषध, सोडून पुन्हा स्कॅन केला तरच फाट उघडी पडणार. आणि डाय कुणी सांगितला नव्हता.

तिचा हात माउसवरून खाली आला. कागदावर सांगितलं होतं तेवढं तिनं केलं होतं. कुणी एक अक्षर बोलू शकलं नसतं. फोटो तपासणाऱ्या रेडिओलॉजिस्टबाई दुसऱ्या इमारतीत होत्या. त्यांच्यापुढं सकाळपासूनचे तीस-चाळीस फोटो पडले असतील, हा त्यांच्या नजरेखाली चारनंतर आला असता. तोवर खाली ‘खडा दिसत नाही’ एवढा निरोप गेला असता, दुखण्याचं इंजेक्शन बसलं असतं, आणि हा आपल्याच हुशारीवर स्वार होऊन घरी गेला असता. घरी जावे. ते दोन शब्द तिच्या जिभेवर आले आणि तिला त्यांची चव आवडली. खोलीत मशीनचा गारवा होता, तरी कानशिलं तापली होती. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून बावन्न झाले होते. काचेपलीकडे तो कण्हत होता. स्पीकरमधून त्याचा श्वास ऐकू येत होता, तुटक, पायरी चुकल्यासारखा. “झालं का?” त्यानं विचारलं. तिनं बटण दाबून सांगितलं, “हलू नका.” स्कॅन केव्हाच झाला होता. हलला असता तरी काही बिघडणार नव्हतं. पण तो हलला नाही. तिनं सांगितलं म्हणून हलला नाही! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिचं ऐकलं होतं. दार किलकिलं करून वॉर्डबॉयनं विचारलं, “ताई, नेऊ का?” ती म्हणाली, “थांब.” आणि बसून राहिली.

तिनं त्याचं मरण नीट बघून घेतलं, घाई न करता. आज रात्री तो जेवणार नाही. उद्या सकाळी गोळ्या घेईल, घरच्यांवर खेकसेल. मग पोट फुगेल, मग एकदम दुखायचं थांबेल आणि त्याला वाटेल बरं वाटतंय, धाकट्यालाही वाटलं होतं. तो म्हणाला होता, “ताई, उतरलं बघ,” आणि आईनं आनंदानं त्याच्या तोंडावरून हात फिरवला होता. इथं मात्र तिचं मन अडलं. त्या हातापाशी. ते मरण असं तुकड्यातुकड्यानं तिच्या पाठ होतं. त्यातला एकेक तास तिच्या घरचा होता, आईच्या हातचा होता, आणि आता ती ते या माणसाच्या अंगावर पांघरायला निघाली होती. धाकट्याचं मरण याला? काय लायकी होती याची? शिवाय हा जाणार कसा, तर काही न कळता. लोक म्हणतील, मोठा माणूस, शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही. कुणी कुणाचा सूड घेतला हे सूड ज्याच्यावर उगवला त्यालाच कळलं नाही, तर तो सूड कसला? तो नुसता योगायोग. नाही. याला जगायला हवं. याला बसतं करून, शुद्धीवर ठेवून, याच्या तोंडावर सांगायला हवं. दयेचा त्यात लवलेश नव्हता, हे तिनं स्वतःशी अगदी स्पष्ट ठेवलं. घड्याळात दोन वाजून तीन झाले होते. अकरा मिनिटं तिनं घेतली होती. ती परत करायचा तिचा विचार नव्हता. तिनं फोन उचलला.

“बाई, खडा नाहीये. आतड्याच्या शिरेभोवती धुकं आहे, शीर सुजलीय. फोटो लगेच उघडून बघा.”

पलीकडून बटणांचा आवाज आला. “अगं, हो की. कुणी पाहिलं हे?”

“मी. डाय देऊन करू?”

“किडनीचा रिपोर्ट बघ आणि कर. मी निघालेच. खाली मी कळवते.”

तिनं आत जाऊन त्याच्या हाताची शीर शोधली. “आता कशाला डाय?” तो चिडला. “खडा साध्या स्कॅनमध्ये दिसतो. तुम्हाला शिकवलं नाही का?”

“शिकवलं ना,” ती म्हणाली. “म्हणूनच. खडा नाही तुम्हाला. सही करा इथं.”

त्यानं सही केली. तेच अक्षर, शेवटी तीच रेघ. अंगातून गरम लाट जाईल, घाबरू नका, असं तिनं प्रत्येकाला सांगायचं ते त्यालाही सांगितलं, त्याच सुरात. या वेळी पडद्यावर शीर पांढरीशुभ्र उजळली आणि तिच्या आत एक बारीक काळी रेघ उभी राहिली. एका बाजूला रक्ताची चेपलेली अरुंद वाट, दुसऱ्या बाजूला फुगलेली खोटी. मागं धावत आलेल्या रेडिओलॉजिस्टबाई म्हणाल्या, “शाब्बास गं. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं.” तिनं घड्याळाकडे पाहिलं.

पुढचं तिला कँटीनमध्ये, जिन्यात, इथंतिथं कळत गेलं. रक्तवाहिन्यांच्या सर्जननं लगेच चाकू काढला नाही. आतड्यांना अजून रक्त पोचत होतं. तोंडानं काही द्यायचं नाही, सलाईन, दुखण्याचं औषध, रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शन, आणि रक्तदाब एकशेतीसच्या वर जाऊ द्यायचा नाही, कारण दाब वाढला की फाट लांबते. पडून राहायचं, बोलायचं कमी, चिडायचं तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तरीही दुखणं उसळलं, तेव्हा जांघेतून तार घालून शिरेत जाळी बसवली. आतडी वाचली. हे ऐकलं त्या दिवशी ती घरी गेली आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. एकोणीस वर्षं बोथट न झालेली वस्तू आता फक्त काढायची बाकी होती.

पाचव्या दिवशी काम संपल्यावर ती वरच्या मजल्यावर त्याच्या खोलीत गेली. तो उशाला टेकून बसला होता. डोक्याशी पडद्यावर आकडे चमकत होते. तिला बघून तो चक्क हसला. “या, या. सर्जननी सांगितलं मला. स्कॅनवाल्या बाईंनी पकडलं म्हणाले. मी तुमच्यावर उगाच खेकसलो. उपकार झाले तुमचे.”

“उपकार नाहीत,” ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. मग तिनं सगळं सांगितलं. बाक, गुडघे, टकटक, परिचारिकेकडे बघून हसणं, दोन मजले. हे बोलणं तिनं इतक्या वेळा मनात केलं होतं की ते आता कुणाचं तरी पाठांतर वाटत होतं. त्याच्या तोंडचं प्रत्येक उत्तरही तिनं बसवून ठेवलं होतं. तो चिडेल, मग ती असं म्हणेल. तो नाकारेल, मग तसं. तो चादरीकडे बघत म्हणाला, “मला आठवत नाही.”

“काय?”

“खोटं नाही बोलत. रोज साठ-सत्तर माणसं बघायचो. नाही आठवत.”

या उत्तराची तिनं तयारीच केली नव्हती. एकोणीस वर्षं ती ज्याच्याशी भांडत होती तो माणूस तिच्याच डोक्यात राहत होता. या म्हाताऱ्याच्या डोक्यात धाकटा एक दिवसही राहिला नव्हता, पाहुणा म्हणूनसुद्धा नाही. तिला वाटलं, उठावं आणि त्या सलाईनची नळी ओढून काढावी. हात खुर्चीच्या दांड्यावर होते, ते तिनं तिथंच दाबून धरले. तेवढ्यात तो म्हणाला, “दुखणं एकदम सुरू झालं होतं की हळूहळू?”

“एकदम. दुपारी.”

“कुठं?”

“बेंबीच्या वर. मधोमध.”

“खाल्ल्यावर वाढायचं?”

“त्यानं जेवण सोडलं होतं. मी सांगितलं होतं तुम्हाला.”

“ओरडण्याइतकं दुखणं. आणि पोट?”

“मऊ,” ती म्हणाली. “तुम्हीच लिहिलंत. पोट मऊ आहे.”

त्यानं डोळे मिटले. पाच दिवसांपूर्वी त्याचंही पोट मऊच होतं. माणूस गडाबडा लोळतोय आणि पोट मात्र मऊ, म्हणजे पहिली शंका शिरेची घ्यायची, हे कुठल्याही पुस्तकात असतं. तो ते आता आतून शिकला होता. “वय?” त्यानं विचारलं. “अठ्ठावीस.” बाहेर कुणीतरी औषधांची गाडी ढकलत नेली. “स्कॅन करायला हवा होता,” तो म्हणाला. “मी चुकलो.”

हेच तर हवं होतं. तिनं वाट पाहिली, आतलं काहीतरी सुटेल, मोकळं होईल. काहीच झालं नाही. चार अक्षरं आली आणि चादरीवर पडून राहिली, औषधाच्या रिकाम्या पाकिटासारखी. तिच्या लक्षात आलं, हा हिशेब तिचा एकटीचा कधी नव्हताच. ती म्हणाली, “हे माझ्या आईसमोर म्हणायचं. तिला ऐकू कमी येतं. मोठ्यानं म्हणावं लागेल.”

तो म्हणाला, “आणा त्यांना.”

आईनं कसलाच प्रश्न विचारला नाही. धाकटा गेल्यावर दुसऱ्या वर्षापासून तिचा कान कमी होत गेला होता. घरात तिच्याशी ओरडून बोलावं लागे, शेजारी त्यावर चेष्टा करत. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं इस्त्रीची साडी नेसली, केस विंचरले, कानातलं मशीन लावलं आणि लेकीचं मनगट धरून ती वरच्या मजल्यावर आली. खुर्चीवर ताठ बसली. मांडीवर पिशवी. पलंगावरच्या माणसाकडे तिनं असं पाहिलं, जसं बाजारात एखादी वस्तू घ्यायची नसताना बघतात. पडद्यावर रक्तदाबाचा आकडा होता एकशे चोवीस.

तो म्हणाला, “बाई, मी चुकलो. तुमच्या मुलाचं दुखणं मला ओळखता आलं नाही.”

“काय म्हणतायत?” आईनं विचारलं.

त्यानं उशीवरून पाठ उचलली. “मी चुकलो! तुमचा मुलगा वाचला असता!” आवाज दाराबाहेर गेला असावा, कारण व्हरांड्यातली कुजबुज थांबली. एकशे अडतीस.

“मला ऐकू येत नाही हो,” आई म्हणाली, शांतपणे. “पुन्हा सांगा.”

त्याच्या कपाळावरची शीर वर आली. हातावरची सलाईनची पट्टी ताणली गेली. “मी चुकलो! त्याला मी घरी पाठवलं! दोनदा!” शेवटच्या शब्दाला आवाज फाटला. त्यानं पोटावर हात दाबला. एकशे छप्पन्न. पडद्यावर पिवळा दिवा लुकलुकायला लागला आणि बारीक टीं-टीं सुरू झालं. खोलीबाहेर परिचारिकेच्या सपाता वाजल्या. लेकीला माहीत होतं, या शिरेच्या आत काय असतं, नवी जाळी कशी धरून बसलेली असते, दाब कुठं ढकलतो. सगळं तिला दिसत होतं, काचेतून दिसावं तसं. तिचं मनगट आईच्या हातात होतं. ती बोटं पहिल्याच वाक्याला तिच्या मांसात रुतली होती, आणि त्यानंतर सुटली नव्हती.

“काय?” आई पुढं वाकून म्हणाली. “काय म्हणालात?”

त्यानं पुन्हा श्वास भरून घेतला. एकशे त्रेसष्ट. तेव्हा ती खाली वाकली आणि आईच्या मशीन नसलेल्या कानाशी, आपलं आपल्यालाही जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, “आई, पुरे.”

आई लगेच उठली.